प्रतिक्षाच्या कंप्युटरवरचा पहारा

दूधवाल्याने शाळेचा निरोप आणला तेव्हा सोपान डाळिंबाच्या बागेत फवारणी करत होता. हेडसरांनी लगेच बोलावलंय, एवढंच दूधवाल्याला माहीत होतं. सोपानने पाठीवरचा पंप उतरवला, हातपाय धुतले आणि शेळगावच्या वस्तीवरून मोटरसायकल भवानीनगरच्या रस्त्याला लावली. नववीतल्या मुलीला काय काय झालं असेल, याचा रस्ताभर त्याने विचार केला. ताप, चक्कर, पायरीवरून पडणं. कंप्युटर काही त्याच्या डोक्यात आला नाही.

"बसा, सोपानराव," हेडसर म्हणाले. "पोरगी ठणठणीत आहे. फक्त रात्रीची झोपत नाही."

"म्हंजी?"

हेडसरांनी टेबलावरची फ्लॉपी बोटाने पुढे सरकवली. शेजारी वृषाली मॅडम उभ्या होत्या. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या, बारामतीहून रोज एस.टी.ने येणाऱ्या. शाळेतला कंप्युटरचा वर्ग त्याच चालवत.

त्या काळात त्या पट्ट्यात घरी कंप्युटर असणं म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखं होतं. शाळेतल्या चार-पाच मुलांकडेच तो होता. सोपानने डाळिंबाला बरा भाव मिळाला त्या साली पुण्याहून एक जुना आणला होता. पण सहामाहीत रविराज नावाचा हुशार मुलगा गणितात नापास झाला आणि तो दिवसरात्र मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळत होता, असं निघालं. मग शाळेने नियम काढला: ज्यांच्या घरी कंप्युटर आहे त्यांनी त्यावर शाळेचा प्रोग्राम घालून घ्यायचा. प्रोग्राम वृषाली मॅडमनी स्वतः लिहिला होता आणि त्याला नाव दिलं होतं 'पहारा'. कंप्युटर केव्हा सुरू झाला आणि केव्हा बंद झाला, ते पहारा लिहून ठेवी. मुलांनी ती नोंद फ्लॉपीवर घेऊन दर शनिवारी शाळेत द्यायची. सोपाननेही संमती दिली होती. पोरांवर कुणाचा तरी डोळा असलेला बरा, असं त्याला वाटलं होतं.

"मध्यरात्रीनंतर सुरू होतो," हेडसर म्हणाले, "आणि पहाटेपर्यंत चालतो. एक दिवस नव्हे, बऱ्याच रात्री. काय करते ती?"

"न्हाय हो सर. आमी सगळी नऊलाच आडवी होतो."

"तुम्ही होता. ती होत नाही."

सोपानने मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "नोंद तरी तसंच सांगते."

हेडसर वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, पुढच्या महिन्यात बारामतीला विज्ञान प्रदर्शन आहे. शाळेतर्फे प्रतिक्षाचा प्रोग्राम पाठवायचं ठरलंय. पण रविराजला आपण सगळ्यांसमोर बोललो, त्याचा कंप्युटर बंद करायला लावला. आता हिला कौतुकाने बारामतीला नेलं, तर त्याचा बाप मला काय म्हणेल? पुढच्या शनिवारची नोंद चोख आली तर ठीक. नाहीतर नाव काढावं लागेल."

सोपान उठला. प्रदर्शनासाठी प्रतिक्षाने नेमकं काय केलंय ते त्याला धड सांगता आलं नसतं. उसाबद्दल काहीतरी होतं. पण तिने दिवाळीची सुट्टी त्या खोक्यापुढे घालवली होती, एवढं त्याने पाहिलं होतं. मावशीकडे कोऱ्हाळ्यालासुद्धा गेली नव्हती.

घरी आल्याबरोबर त्याने चपला काढायच्या आत विचारलं. प्रतिक्षा भाकरी खात होती.

"रात्रीची उठून कंप्युटर लावती का गं तू?"

"नाही."

"शाळेत सगळं छापून आलंय. खरं सांग."

"नाही म्हणाले ना, आण्णा."

"मग काय भूत लावतंय?"

तिने ताट सरकवलं आणि उठून गेली. सोपानचा आवाज चढला. शाळेच्या चार माणसांत मान खाली घालावी लागली, हे त्याने तीनदा तीन तऱ्हांनी सांगितलं. चुलीपुढे बसलेली त्याची बायको सिंधुबाई म्हणाली, "अवो, जेवत्या पोरीला कशाला बोलताय? तिनं न्हाय म्हटलं की."

"चोर कदी व्हय म्हणतो का?"

तात्याबा, सोपानचे वडील, ओट्यावर पान जुळवत बसले होते. त्यांनी तिथूनच सांगितलं, "सोपाना, पोर रात्री तितं येत न्हाय. म्या त्याच खोलीत झोपतोय की. ती टीव्हीची काच काळी ठिक्कर आसती रातभर."

"तुमी झोपल्यावर तुमाला काय दिसतंय, तात्या? आन निम्मी रात तुमी रानात आसता."

हे खरं होतं. वस्तीवरची लाईट शेतीच्याच लाईनवर होती. काही दिवस ती दिवसा यायची, काही दिवस रात्री, आणि ठरलेल्या वेळेलाच येईल असा भरवसा नसायचा. पाणी धरायचं काम तात्याबांनी कुणाला दिलं नव्हतं. लाईट आली की ते विहिरीवर जाऊन मोटर चालू करायचे आणि उजाडेपर्यंत दारं मोडत, पाणी एका सरीतून दुसरीत वळवत, उसात असायचे. तरुणपणी मेंढरांमागं रानोरान हिंडलेला माणूस. लांडग्याच्या भीतीने एक कान उघडा ठेवून झोपायची सवय लागली होती, ती मेंढरं गेली तरी राहिली.

त्या रात्रीपासून प्रतिक्षाचं अंथरूण आतल्या खोलीत, आईच्या आणि भिंतीच्या मध्ये पडायला लागलं. सोपानने सिंधुबाईला बजावलं होतं, नजर ठेव. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला नजर कशी ठेवता येणार? तिने आपली युक्ती काढली. आपल्या पदराचं टोक मुलीच्या मनगटाला बांधलं आणि ताणून दिली.

"आई, मी काय शेरडू आहे का?" प्रतिक्षा अंधारात म्हणाली.

"गप पड. मला तरी कुठं हौस हाय?"

सकाळी गाठ जशीच्या तशी होती. रोज सकाळी गाठ जशीच्या तशी असायची. सिंधुबाई ती नवऱ्याला दाखवूनच सोडायची. सोपानला बरं वाटलं. मुलगी त्याच्याशी बोलत नव्हती, ताट मांडून निघून जायची. पण निदान आता नोंद चोख येणार होती. मग हेडसर गप्प बसतील आणि बोलणंचालणं आपोआप सुरू होईल, असा त्याचा हिशेब होता.

शनिवारी तो स्वतःच शाळेत गेला. मॅडम कंप्युटरच्या खोलीत एकट्याच होत्या. पडद्यावर नोंद उघडलेली होती आणि त्या हाताची घडी घालून तिच्याकडे बघत होत्या.

"पुन्हा रात्री सुरू झालाय," त्या म्हणाल्या.

सोपान बाकावर बसला. "मॅडम, तिची आई तिला पदराला बांधून झोपती. गाठ सुटलेली न्हाय. देवाशप्पथ सांगतो."

"थांबा, मला पुरं सांगू द्या. सोमवार, मंगळवार रात्री सुरू झाला. बुधवारपासून रात्री एकदाही नाही. पण गुरुवारी भर दुपारी सुरू झालाय, आणि दुपारभर चालू आहे. गुरुवारी दुपारी प्रतिक्षा कुठे होती, माहिती आहे?"

"शाळेत आसंल."

"माझ्या समोर. पहिल्या बाकावर. मी तिला फळ्यावर बोलावलं होतं."

मॅडमनी जुनी नोंद पडद्यावर आणली.

"मग मी मागची नोंदही पुन्हा काढली," मॅडम म्हणाल्या. "तिच्यातही दिवसाच्या अशा वेळा आहेत. आम्ही रात्रीच्या वेळा बघितल्या आणि तिथेच थांबलो. दिवसाच्या कुणी पाहिल्याच नाहीत. माझ्यासकट."

"म्हंजी तुमचं यंत्र चुकतंय."

"चुकत असेल. किंवा यंत्र बरोबर असेल आणि आपण त्याचा अर्थ चुकीचा लावत असू. तुमच्या घरी येऊन बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही. हेडसरांना सोमवारपर्यंत थांबायला सांगते. पण सोमवारी ते नाव पाठवणार. हिचं नाहीतर दुसऱ्याचं."

रविवारी सकाळी सोपानने मॅडमना शेळगावच्या स्टँडवरून मोटरसायकलवर आणलं. त्यांच्या पर्समध्ये फ्लॉप्यांचा डबा आणि एक स्क्रू-ड्रायव्हर होता. सिंधुबाईने सतरंजी झटकून टाकली. प्रतिक्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मॅडमना नमस्कार केला, बापाकडे पाहिलं नाही.

लाईट नव्हती.

"कधी येते?" मॅडमनी विचारलं.

"येईल आता," सोपान म्हणाला. "आली की येती."

वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. मॅडमनी कंप्युटर बाहेरून न्याहाळला. वर सिंधुबाईने विणलेला रुमाल, त्यावर प्लास्टिकचं फूल. वायरची पिन भिंतीतल्या बोर्डात बसवलेली. त्यांनी ती हलवून बघितली, आतल्या घड्याळाचा सेल उतरला तर वेळा चुकू शकतात असं काहीतरी प्रतिक्षाला सांगितलं, आणि प्रतिक्षा म्हणाली की सेलचं तिनेही बघितलंय, कंप्युटरचं घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळतं. मॅडमनी मान हलवली. चहा आला. तात्याबा भिंतीला पाठ लावून बसले होते. त्यांनी बशीत चहा ओतला आणि फुंकर घातली.

"बाई, गाव कुठलं तुमचं?"

"बारामतीच. गावातच घर आहे."

"मग तुमाला लाईटीचं काय दुःख? आमचं हितं नवरीवानी हाय तिचं. वाट बघायची आन गप बसायचं."

मॅडम हसल्या. तेवढ्यात खोलीच्या कोपऱ्यात घरघर झाली. पंखा फिरल्यासारखा आवाज, मग काही करकरलं, आणि रुमालाखालचं ते खोकं लांब, करड्या आवाजात तीनदा वाजलं.

तात्याबांनी बशी खाली ठेवली. उठले, पायताणात पाय घातले, दारामागचं फावडं खांद्यावर घेतलं आणि निघाले.

कंप्युटरजवळ कुणी नव्हतं. त्याला कुणाचा हात लागला नव्हता. पडदा काळाच होता.

"तात्या," सोपान म्हणाला, "कुठं निघाला?"

"मोटर चालू करतो. लाईट आली की."

"तुमाला कसं कळलं? बल्ब तर बंद हाय."

तात्याबांनी फावड्याच्या दांड्याने कोपऱ्याकडे दाखवलं. "हे बोंबलतंय की तीनदा."

मॅडमनी चहाचा कप हातात तसाच धरला होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला, कंप्युटरपाशी गेल्या आणि खोक्यावरचं चौकोनी बटण बोटाने चाचपलं. ते आत दाबलेलं होतं.

"आजोबा, हे बटण तुम्ही दाबून ठेवता?"

तात्याबा दारातच थांबले. त्यांनी सोपानकडे चोरून पाहिलं. कंप्युटरला हात लावायचा नाही, असं सोपानने घरातल्या सगळ्यांना आल्याच दिवशी सांगितलं होतं.

"म्या दुसऱ्या कशाला हात लावत न्हाय, बाई. त्या टीव्हीला तर मुळीच न्हाय. लाईट नसताना निस्तं बटण दाबून ठेवतो. लाईट आली की ते आपलंआप वरडतंय. रानातनं आलो की दाबून बंद करतो."

"पण का?"

"मग मला कळायचं कसं? आदी रेडिओ लावून ठेवायचो. लाईट आली की रेडिओ बोलायचा, म्या उठायचो. सगळ्या वस्त्यांवर आसंच करत्यात. पर ह्यो म्हणला, तात्या, मध्यरात्री गाणी नकोत, पोरीचा अभ्यास हाय, झोप मोडती. म्हटलं बरं. मग ह्ये घावलं. आदी बारीक वाजायचं, एकदाच. कवा कवा कळायचं न्हाय. दिवाळीपास्नं चांगलं मोठ्यानं वाजाया लागलं, तीनदा. तवापास्नं एक पाळी चुकली न्हाय बगा."

वृषाली मॅडम सतरंजीवर बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांना बोलता येईना. सिंधुबाईने घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तीनदा वाजायचं ते मीच घातलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "पहारा सुरू झाला की मोठ्याने वाजतो. मुलांना कळावं, आपल्यावर लक्ष आहे म्हणून."

"तुमी केलंय व्हय?" तात्याबांचा चेहरा उजळला. "लई ब्येस केलंय, बाई. रेडिओपरीस झ्याक. त्यात बातम्या लागल्या तर निस्ती कुजबुज ऐकू यायची."

सोपानच्या डोळ्यांसमोरून आठवडा सरकत गेला. सोमवारी, मंगळवारी लाईट रात्रीची होती. बुधवारी पाळी बदलली. गुरुवारी दुपारी आली. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा त्याला नेमक्या वेळा कुणी सांगितल्या नव्हत्या. सांगितल्या असत्या तर कदाचित त्याला तेव्हाच कळलं असतं. किंवा नसतंही. तो फक्त 'रात्री' एवढंच ऐकून आला होता आणि तेवढ्यावर मुलीला चोर म्हणाला होता. छातीवर ठेवलेलं जातं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं त्याला झालं. आणि जातं उचलल्यावर त्याखाली काय होतं तेही दिसलं.

"तात्या," तो म्हणाला, "त्या दिवशी म्या घर डोक्यावर घेतलं तवा बोलला का न्हाय तुमी?"

"तू इचारलंस पोर कंप्युटर लावती का. पोर न्हाय लावत. म्या तेच सांगितलं." तात्याबांनी फावडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "लाईट जाईल आता. तुमी बसा बोलत." आणि ते विहिरीकडे चालू लागले.

प्रतिक्षा अजून चौकटीलाच टेकलेली होती. ती हसली नव्हती.

"मी नाही म्हणाले होते," ती बापाला म्हणाली.

"व्हय," सोपान म्हणाला. "म्हणली होतीस."

ती आत गेली. पण जाताना त्याचा रिकामा कप उचलून घेऊन गेली.

सोमवारी मॅडम आणि सोपान हेडसरांपुढे उभे राहिले. मॅडमनी आधी आपली चूक सांगितली, आणि अगदी मोजून सांगितली: कंप्युटर चालू आहे एवढंच पहारा नोंदवतो, समोर कोण बसलंय ते त्याला दिसत नाही. ते आपण आपल्या मनाने घातलं. आता त्या प्रोग्राम बदलणार होत्या. कुणी एखादी कळ दाबली, तरच तो नोंद सुरू करील.

हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमचं मूळ गाव कोऱ्हाळे बुद्रुक," ते म्हणाले. "माझ्या वडिलांनी छताला बल्ब टांगला होता, बरोबर तोंडावर. लाईट आली की डोळ्यांवर उजेड. एकदा बल्ब उडाला आणि त्यांना कळलंच नाही. तीन एकर ऊस तहानलेला राहिला. आठवडाभर घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं." ते सोपानकडे वळले. "हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. मीही रात्र म्हटलं की झोपणारा माणूस झालोय आता."

"मग बारामतीचं?" सोपानने विचारलं.

"नाव आज जाईल. तिचंच."

"आणि रविराजचं?" मॅडम म्हणाल्या. "त्यांची वस्तीही शेतीच्या लाईनवरच आहे."

"तो स्वतःच कबूल झालाय, मॅडम. चार गाड्या जिंकलोय म्हणून सांगत होता मला," हेडसर म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "पण विचारून घ्या पुन्हा. आता विचारून घेतलेलं बरं."

"आन सर, ते वाजणं तेवढं ठिवा," सोपान म्हणाला. "तात्यांनी मुद्दाम सांगून धाडलंय."

"ते राहील," मॅडम म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर तो गेटपाशी मोटरसायकल घेऊन थांबला. एरवी प्रतिक्षा एस.टी.ने यायची. तिने त्याला पाहिलं, मैत्रिणींना हात केला, आणि काही न बोलता मागे बसली. कारखान्याकडे उसाच्या गाड्या चालल्या होत्या. त्यांना वाट देत देत तो निघाला. वळण ओलांडल्यावर त्याने मान थोडी मागे वळवली.

"काय केलंयस गं तू त्या प्रदर्शनाला?"

ती म्हणाली, "तुम्हाला खरंच ऐकायचंय?"

"न्हायतर इचारलं कशाला?"

ती सांगायला लागली. लागणीची तारीख घालायची, उसाची जात घालायची, की प्रोग्राम पुढची सगळी कामं तारखेसकट सांगतो. पहिली खुरपणी, खताचा हप्ता, बांधणी, पाण्याच्या पाळ्या. वारं कानात भरत होतं आणि निम्मं बोलणं मागेच उडून जात होतं. तो नुसता व्हय व्हय म्हणत राहिला. कालव्याच्या पुलापाशी मात्र त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"आता सांग. काय ऐकूच यीना."

ती पुलाच्या कठड्यावर बसली आणि पहिल्यापासून सांगितलं. या वेळी भराभर नाही, त्याला कळेल असं. सोपान ऐकत होता. बांधणीची तारीख तिने बरोबर धरली होती. खताची एक तारीख त्याला लवकर वाटली, तसं तो म्हणाला. तिने वाद घातला, मग विचार करून म्हणाली, बघते. सगळ्यात शेवटी प्रोग्राम तोडणीची तारीख सांगतो, असं तिने सांगितलं.

"तोडणीची बी?"

"दिवसासकट."

"आन त्या दिवशी कारखान्याची ऊसतोडीची टोळीच आली न्हाय तर?"

प्रतिक्षाने त्याच्याकडे पाहिलं. खालून पाणी वाहत होतं.

"त्याला माझा प्रोग्राम काय करणार, आण्णा?" ती म्हणाली आणि खदाखदा हसली.